अक्काच्या सिलिंडरमध्ये नव्वद बार

मालदीव म्हटलं की बेळगावात दोन प्रश्न ठरलेले. नवीन लग्न झालंय काय? आणि किती लाख घातलासा? आमची थोरली कॉलेजला जाते, म्हणजे पहिला प्रश्न निकालात निघाला. दुसऱ्याचं उत्तर असं, की पाण्यावर बांधलेल्या लाकडी खोल्या आम्ही लांबूनच बघितल्या. २००९ साली तिथल्या सरकारनं वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी दिली, तेव्हापासून आपल्यासारख्यांनाही मालदीव आवाक्यात आलं. आमचं गणित साधं होतं. खोली साधी घ्यायची, जेवण गावातलं जेवायचं आणि वाचलेला पैसा पाण्याखाली घालायचा.

आम्ही म्हणजे मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. मेहुणा निपाणीकडचा. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू नये असा त्याचा बाणा. निघण्याआधी आम्ही तिघांनी मुरुडेश्वरला राहून ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला होता. बेळगावहून यल्लापूर-अंकोल्यावरून खाली उतरायचं आणि तिथून बोटीनं नेत्राणी बेट गाठायचं, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर. ज्यांना मालवण जवळचं वाटतं त्यांच्यासाठी तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचं स्कूबा केंद्र आहे. कुठंही करा, पण आधी इकडं शिका. मालदीवला जाऊन पहिल्यांदाच पाण्यात उतरणारे मी बघितले. गाइड त्यांना सिलिंडरला धरून फिरवतो आणि त्यांचा सगळा वेळ स्वतःचे बुडबुडे बघण्यात जातो. एवढा खर्च करून बुडबुडेच बघायचे तर गोवावेसचा तलाव काय वाईट?

शनिवार

शुक्रवारी संध्याकाळची राणी चन्नम्मा, सकाळी बंगळूर, दुपारी विमान. बंगळूर ते माले जेमतेम दोन तास. "राज्यातल्या राज्यात रात्र गेली आणि देश बदलायला दोन तास," मेहुण्याला याची फारच गंमत वाटत होती. व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट मिळतो. त्याआधी, विमानाच्या वेळेपासून मागच्या ९६ तासांत, 'इमूगा' या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायची असते, ती विसरू नका. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत, म्हणून बायकोनं पर्समधला छोटा गणपती घरच्या देव्हाऱ्यातच ठेवला होता. दारूही चालत नाही. आमच्या रांगेतल्या एका गृहस्थाची ड्युटी-फ्रीची बाटली कस्टमवाल्यांनी पावती देऊन ठेवून घेतली. आमचा चिवडा, शेंगाची चटणी आणि कुंद्याचा डबा मात्र सहीसलामत पार.

विमानतळ म्हणजे एक अख्खं बेट. दारातून बाहेर पडलं की रिक्षास्टँडच्या जागी धक्का आणि रिक्षांच्या जागी बोटी. माले शहर समोरच दिसतं, २०१८ साली झालेल्या पुलानं जोडलेलं. आम्हाला मात्र दक्षिण आरी अ‍ॅटोलमधल्या, म्हणजे बेटांच्या एका कड्यातल्या, धिगुरा बेटावर जायचं होतं, स्पीडबोटीनं दोनेक तास. बोटीत मागच्या रांगेत बसा. पुढं बसणारा प्रत्येक लाटेला उडतो, आणि मेहुणा हौसेनं पुढंच बसला होता.

रविवार

पहिल्या दिवशी सगळ्यांना चेक डाइव्ह करावीच लागते. सर्टिफिकेट कुठलंही दाखवा, गाइड आधी तुम्हाला उथळ पाण्यात नेऊन बघणार. आमचा गाइड निघाला उडुपीकडचा, बरीच वर्षं मालदीवात राहिलेला. त्यानं आमच्या फॉर्मवर 'बेलगावी' वाचलं आणि थेट कन्नडमध्ये सुरू झाला. मेहुण्याची कळी खुलली. गावात पाट्या कुठल्या भाषेत लावाव्यात यावरून तावातावानं भांडणारा हा माणूस, हिंदी महासागराच्या मधोमध त्याला "बर्री, बर्री अण्णा" म्हणत गळ्यात पडायचा तेवढा राहिला.

सामान जोडायचं काम मला पाण्यात उतरण्याइतकंच आवडतं. जॅकेटचा पट्टा आधी पाण्यात भिजवायचा, मग सिलिंडरवर आवळायचा. कोरडा आवळला तर पाण्यात सैल पडतो आणि सिलिंडर पाठीवरून सरकतं. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, बसवून व्हॉल्व्ह उघडायचा आणि हवेच्या काट्याकडे बघत दोन-तीन श्वास घ्यायचे. काटा प्रत्येक श्वासाला खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. मास्कच्या काचेवर आतून थुंकायचं, चोळायचं, विसळायचं. एवढी शास्त्रोक्त साधनं झाली, पण धुकं घालवायला थुंकीला अजून तोड नाही. मग जोडीदाराचं सगळं आपण तपासायचं आणि आपलं त्यानं. बायकोनं माझा वजनाचा पट्टा ओढून बघितला तेव्हा चेहरा बाजारात वांगी दाबून बघतानाचाच होता.

उतरल्यावर आधी कान. दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी. दुखल्यावर जोर केला तर पडदा फाटायची भीती. थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा फुंकायचं. हे जमलं की बाकी सगळं पोटात येतं, म्हणजे श्वासात. श्वास भरला की माणूस जरा वर तरंगतो, सोडला की खाली बसतो. हातपाय मारायची गरजच नसते.

आणि इथंच विहिरीतला पोहणारा फसतो. सूर मारणाऱ्याला श्वास कोंडायची सवय. स्कूबात पहिला नियम तोच, श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं भरून घेतलेली छाती कोंडून वर आलात तर आतली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुसाकडं तेवढी जागा नसते. मेहुण्याला हे पाठ आहे, पण अंगातलं जात नाही. तो कोंडतो, आठवलं की एकदम सोडतो, मग मोठा घोट घेतो. गाइड त्याच्यासमोर आडवा तळहात वरखाली करत होता, सावकाश, सावकाश.

सिलिंडर १२ लिटरचं, त्यात २०० बार हवा. बार म्हणजे दाबाचं माप, त्यावरून किती हवा उरली ते कळतं. बोटीवर परत येताना निदान ५० शिल्लक हवी. वर आल्यावर काटे बघितले. मेहुणा ५०, मी ७०, बायको ९०. गाइडनं तिचा काटा दोनदा बघितला.

"अक्का, श्वास घेतलीस की नाहीस?" मेहुण्यानं विचारलं.

"मी घेतो की. तुझ्यासारखं ओरबाडत नाही," बायको म्हणाली.

याचं कारण मला ठाऊक आहे. ती लग्नाआधीपासून गाणं शिकते. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आमच्यापासून काही लांब नाही, आणि या पट्ट्यात घरटी एक तरी तंबोरा असायचाच. खर्जात सूर धरून श्वास पुरवायचा रियाज तिला असा समुद्रात कामाला येईल, असं तिच्या गुरुजींनाही वाटलं नसेल.

सोमवार

कुडारा थिला. पाण्याबाहेर न डोकावणारा, समुद्राच्या आतच उभा असलेला प्रवाळांचा टेकाड. माथा बारा-पंधरा मीटरवर आणि कडे खोलवर गेलेले. आमचा परवाना १८ मीटरचा, त्यामुळे गाइडनं बोटीवरच सांगून टाकलं, माथ्याच्या आसपास राहायचं, खाली काहीही दिसलं तरी उतरायचं नाही. मालदीवात कायद्यानं कुणालाच ३० मीटरच्या खाली जाता येत नाही, पण आमच्यासारख्यांना १८ हीच लक्ष्मणरेषा.

अ‍ॅटोल म्हणजे बेटांचं आणि खडकांचं कडं. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्यातल्या फटींमधून आत-बाहेर करतं, म्हणून इथं प्रवाह जबर. आणि प्रवाह आहे म्हणूनच मासा आहे, कारण खाणं वाहत येतं. उडी मारल्यावर वर रेंगाळायचं नाही, सरळ खाली जायचं, नाहीतर थिला चुकतो आणि निळ्या पाण्याशिवाय काही दिसत नाही.

माथ्यावर पिवळे स्नॅपर होते. अंगावर निळे पट्टे, वीतभर लांबी, आणि इतके की पलीकडचा खडक दिसेना. सगळे प्रवाहाकडं तोंड करून एका जागी उभे. आम्ही आत शिरलो तर त्यांनी वाट दिली आणि मागून मिटवून घेतली. कडेला एक करडा शार्क येरझाऱ्या घालत होता, आमच्याकडं ढुंकूनही न बघता. मालदीवनं २०१० साली शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. जिवंत शार्क बघायला येणाऱ्याकडून मिळणारा पैसा मेलेल्या शार्कपेक्षा जास्त, हा हिशोब त्यांना वेळेत कळला. आपल्याकडं हा हिशोब अजून वाघापुरताच आहे.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. खोलवर दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून. मेहुण्याचा काटा ५० च्या खाली गेला होता, त्यामुळे ही तीन मिनिटं त्यानं गाइडच्या जादा नळीवर काढली. बायकोकडं ८०.

मंगळवार

हा दिवस देवमाशाचा. चुकलो, देवमासा नव्हे, व्हेल शार्क. हा शार्कच, म्हणजे मासाच, आकारानं सगळ्या माशांत मोठा आणि खाणं तरंगत्या बारीकसारीक जीवांचं. जगात बहुतेक ठिकाणी त्याचा हंगाम असतो, पण धिगुरा ते मामिगिली या बेटांच्या बाहेरच्या कड्यालगत तो बारा महिने सापडतो. २००९ पासून हा पट्टा संरक्षित आहे. इथं दिसणारे जवळजवळ सगळे वयात न आलेले नर. पोरं कुठं होतात, याचा नेमका थांग शास्त्रज्ञांनाही नाही.

हे डाइव्हचं काम नव्हे, मास्क आणि फिन घालून वरूनच बघायचं. बोटीच्या टपावर दोन पोरं उभी. कड्याच्या कडेनं बोट सावकाश चालते आणि पोरं पाण्यात सावली शोधतात. एक तास गेला. दुसरा गेला. ऊन असं, की चिवड्याचा डबा हातात धरवेना. मेहुणा "दाजी, आपण पैसे देऊन ऊन खाऊलालाव" असं म्हणतोय तोवर वॉकीटॉकी बोलली, टपावरचा पोरगा ओरडला आणि बोट वळली.

उडी मारली. आधी फक्त निळं आणि लोकांचे पाय. मग पायांच्या खालून एक रुंद, सपाट डोकं पुढं आलं, आणि त्यामागून अंग येतच राहिलं. पाच-सहा मीटर असेल. तोंड किंचित उघडं, डोळा अगदी बारका, पोटाखाली चिकटलेले दोन रेमोरा मासे. पाठीवर लांबच लांब उठावाच्या रेघा आणि त्यांच्या मधून पांढरे ठिपके. कल्ल्यामागच्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरूनच संशोधक एकेकाला ओळखतात आणि नोंद ठेवतात. शेपूट इतकी सावकाश हलत होती की आपणही बरोबर जाऊ असं वाटावं. जीव खाऊन पाय मारले तरी अर्ध्या मिनिटात तो पुढं आणि मी मागं.

वर डोकं काढलं तर बायको मास्क कपाळावर सरकवून म्हणाली, "अहो, आईची चंद्रकळा." सासूबाईंची ती काळी ठिपक्यांची चंद्रकळा मीही बघितलीय. बरोबर होतं तिचं.

आता वाईट भाग. नियम आहे की अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. प्रत्यक्षात दहा मिनिटांत सहा-सात बोटी जमल्या. एका बोटीतल्या माणसांनी तर त्याच्या अगदी तोंडासमोर उड्या मारल्या. एकजण काठीवरचा कॅमेरा घेऊन डोळ्याजवळ पोचला. तो मासा कुणावर रागावला नाही, फक्त नाक खाली करून खोल गेला, जिथं कुणालाच जाता येईना. आमच्या गाइडनं लगेच सगळ्यांना बोटीवर बोलावलं. काहीजण कुरकुरले, आणखी एक शोधू म्हणाले. मला गाइडचं पटलं. बोटींची संख्या ठरवून दिल्याशिवाय नुसते नियम छापून उपयोग नाही.

बुधवार

मेहुण्याला सर्दी. रात्रभर एसी सोळावर ठेवून झोपला होता. नाक चोंदलं असेल तर कान मोकळे होत नाहीत, आणि औषध घेऊन उतरलं तर औषधाचा अंमल खालीच संपायची भीती. मग वर येताना अडकलेली हवा कानात कळ काढते. गाइडनं विचारायच्या आधी बायकोनंच निकाल दिला, "हा येणार नाही." तो बोटीवर टॉवेल गुंडाळून बसला.

तासाभराच्या वाटेवर, अ‍ॅटोलच्या पश्चिम कडेला, रंगाली मडिवरू. ईशान्येचे वारे असतात तेव्हा, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, मांटा, म्हणजे पंख पसरल्यासारखे मोठाले सपाट मासे, या बाजूला असतात. वारे उलटले की त्या दुसऱ्या बाजूला जातात, कारण त्यांचं खाणंही प्रवाहाबरोबर बाजू बदलतं. तळाशी मोठाले प्रवाळाचे दगड आहेत, त्यांवर रास नावाचे बारके मासे राहतात. मांटा तिथं अंग साफ करून घ्यायला येतात.

आम्ही लांब, तळाजवळ, हालचाल न करता थांबलो. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक आली. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत तीनेक मीटर. दगडावर येऊन जवळजवळ थांबली, आणि बारके मासे तिच्या कल्ल्यांत आत-बाहेर करू लागले. मग दुसरी आली, तिच्या मागं रांगेत तिसरी. घाई कुणालाच नाही. एक वळून थेट आमच्या डोक्यावरून गेली. पोटावरचे काळे डाग दिसले, आणि माझा श्वास आपोआप थांबला. तेवढ्यात बायकोनं कोपरानं ढोसलं. आपले बुडबुडे मांटाच्या पोटाला लागले की ती बिथरते, म्हणून मी श्वास रोखला असं मी नंतर सांगितलं. तिला ते पटलं नाही.

गाइडनं काटा दाखवून वर जायची खूण केली तेव्हा मी ५५ वर आणि ही ९० वर. तिला अजून थांबायचं होतं. पण जोडी एकत्र वर जाते, ज्याची हवा आधी संपते त्याच्या हिशोबानं. बोटीवर ती माझ्याशी बराच वेळ बोलली नाही.

गुरुवार

सकाळी जवळच्याच एका खडकावर शेवटच्या दोन डाइव्ह. मेहुणा बरा, पण पहिली त्यानं बाहेरूनच बघितली. हा खडक बघून मन खट्टू झालं. १९९८ आणि २०१६ साली समुद्राचं पाणी तापलं तेव्हा मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पाणी फार काळ गरम राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो. त्याचं बहुतेक खाणं त्या शेवाळाकडून येतं, त्यामुळे मग उपाशी मरतो. इथं मोडक्या फांद्यांचा खच पडला होता आणि त्यावर करडं शेवाळ. मधूनच बोटभर उंचीचे नवे जांभळे कोंब. पोपटमासे त्या मेलेल्या खडकावर कटकट दात चालवत होते, पाण्यात स्पष्ट ऐकू येतं. जे खातात त्याची वाळू करून मागं सोडतात. ज्या पांढऱ्या वाळूवर लोक लग्नाचे फोटो काढतात तिच्यातली बरीचशी त्यांच्याच पोटातून आलेली.

शुक्रवार

शनिवारी विमान, म्हणून आज पाणी बंद. लागोपाठ डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात. तसाही शुक्रवार तिथला सुट्टीचा वार, दुपारच्या नमाजापर्यंत गाव बंदच.

धिगुरा तीनेक किलोमीटर लांब आणि रुंदीला एवढंसं. टोकापर्यंत चालत गेलो. वाटेत एकही कुत्रं दिसलं नाही. मालदीवात कुत्री पाळायला बंदी आहे. बेळगावच्या गल्लीतून रात्री दुचाकीवरून घरी येणाऱ्या माणसाला हे सुख समजेल. गावात अंगभर कपडे घालायचे, पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. यात अडचण काहीच नाही, आपल्या बायका नाहीतरी सलवार-कमीजवरच समुद्रात उतरतात.

नाश्त्याला मास हुनी. शिजवलेला ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची, लिंबू सगळं हातानं कुस्करलेलं, आणि बरोबर पातळ रोशी, म्हणजे आपली चपातीच. कोकण जवळ असल्यानं आम्हाला खोबरं आणि मासा नवा नाही, पण कच्च्या कांद्याबरोबर सकाळी सकाळी तो इतका चांगला लागेल असं वाटलं नव्हतं. बायकोनं त्यात शेंगाची चटणी मिसळली. गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी ती चाखली आणि उरलेला डबा मागून घेतला. कुंदा त्यांना जास्त गोड वाटला. त्याला काही इलाज नाही.

दुकानात कांदे-बटाटे बघून मेहुण्यातला शेतकरी जागा झाला. बेटावर माती नाही, नदी नाही, प्यायचं पाणी समुद्राचंच खारेपण काढून केलेलं. १९८१ च्या व्यापार करारानुसार कांदा, बटाटा, तांदूळ, साखर, अंडी अशा वस्तूंचा कोटा भारत दरवर्षी मालदीवसाठी ठरवून देतो. भाव ऐकून मेहुण्यानं कांदा हातात घेऊन फिरवून बघितला. "दाजी, ह्या भावात आमच्याकडं पोतं येतं की."

शनिवार

स्पीडबोट, विमान, बंगळूर, रात्रीची गाडी. सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की गेस्टहाउसच्या बिलात माणशी रोज सहा डॉलर ग्रीन टॅक्स वेगळा लागतो, तो आधी धरून ठेवा. डाइव्ह साठ-सत्तर डॉलरच्या आसपास पडते. मास्क मात्र स्वतःचा न्या. भाड्याचा मास्क दुसऱ्याच्या नाकासाठी बनवलेला असतो.

गाडीत लॉगबुकं भरायला बसलो. किती खोल, किती मिनिटं, किती हवा उरली. मेहुण्यानं सगळ्या पानांवर अक्काचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहिला आणि जाहीर केलं, की पावसाळा संपून ऑक्टोबरात नेत्राणीच्या बोटी सुरू झाल्या की ३० मीटरचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करायचा.

"तू आधी नाक सांभाळ," बायको म्हणाली. "मी नाव घालून आलोय."

कधी घातलीस, असं मी विचारलं. गुरुवारी संध्याकाळी, म्हणाली. मुरुडेश्वरला फोन करून.